रक्तपिपासू सरदार लोककथेतून आलेला नाही

पावसाळी रात्री आपल्या गोव्यात भुतांच्या गोष्टी निघाल्या की एक मजकूर हमखास फिरतो: "युरोपातल्या खेडुतांनी आपल्या जुलमी सरदारांवरूनच रक्तपिपासू पिशाच्च रचलं." वाचताना पटतं, कारण पडद्यावरचं पिशाच्च नेहमी महालात राहतं. पण क्रम उलटा आहे.

1725 साली सर्बियातल्या किसिल्येवो गावात एकामागून एक माणसं मेली. संशय आला तो नुकत्याच वारलेल्या एका साध्या शेतकऱ्यावर. थडगं उघडलं, तर तोंडात रक्त! ऑस्ट्रियन अधिकाऱ्याने तसा अहवालही पाठवला. घाबरलेल्या गावकऱ्यांना दोष कसा द्यावा? प्रेत कुजताना आत वायू साचतो, लालसर द्रव तोंडावाटे बाहेर पडतो, हे त्यांना कोण सांगणार होतं? मुद्दा एवढाच, की त्यांचं पिशाच्च शेजारघरचं होतं. आपला देवचारसुद्धा गावच्या वेशीवरचाच, वाड्यातला नव्हे.

उमराव पिशाच्च गाजलं 1819 मध्ये, छापील इंग्रजी कथेतून. 1897च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीत ते काउंट झालं. तिचं दुसरं प्रकरण वाचून पाहा. हक्कमुक्त असल्याने ती इंटरनेटवर फुकट मिळते. काउंट इंग्लंडमधल्या घराच्या व्यवहारासाठी आलेल्या तरुणाचं अगत्य करतो, त्याच्याकडून इंग्रजी बोलायला शिकू पाहतो, आणि खरा बेत लपवतो. सत्ता, सौजन्य आणि आतला डाव ही सांगड मला फार मोलाची वाटते, पण ती लेखकांनी घातली. 1725च्या अहवालात ना महाल आहे, ना सरदार.