स्लॅशरचा क्रॉस का तुटतो?

खंडेनवमीला आमच्याकडे ट्रॅक्टर धुतला जातो. नांगर, वखर, रोटाव्हेटर अंगणात ओळीने मांडून त्यांना हळद-कुंकू लागतं, झेंडूच्या माळा चढतात. गेल्या वर्षी या ओळीत शेजारच्या काकांचा स्लॅशर होता. त्यांच्या संत्र्याच्या बागेतलं गवत पावसाळाभर त्यानेच कापलं होतं, आणि त्याच पावसाळ्यात त्याच्या पीटीओ शाफ्टचा क्रॉस तीनदा तुटला होता. पूजा झाल्यावर काकांनी स्लॅशरला लिंबू-मिरची बांधली आणि म्हणाले, "नजर लागली याला. नाहीतर एका हंगामात तीन क्रॉस?" जमलेल्यांपैकी एकाचं मत पडलं की हल्ली बाजारात मालच डुप्लिकेट येतो. दुसरा म्हणाला, ग्रीस कमी पडत असेल.

पूजेबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. ज्या दिवशी सगळी अवजारं धुऊन-पुसून समोर येतात, तो दिवस मोलाचाच आहे. पण नजर लागली असं एकदा ठरलं की कारणाचा शोध तिथेच थांबतो, आणि इथे कारण शाफ्टवरच डोळ्यांसमोर दिसत होतं. ते भूमितीचं होतं. ही भूमिती मला इतकी आवडते, की हा लेख मुख्यतः तिच्याचसाठी लिहितो आहे.

ज्यांनी स्लॅशर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्रॅक्टरच्या मागे तीन लिंकांवर, म्हणजे खालच्या दोन (लोअर लिंक) आणि वरच्या एका (टॉप लिंक) जोडदांड्यांवर टांगलेली ही एक लोखंडी पेटी असते. पेटीवर गिअर बॉक्स, आणि पेटीच्या पोटात आडवी फिरणारी दोन किंवा अधिक पाती. फळबागेतलं गवत, माजलेलं तण, काही ठिकाणी कापसाची वेचणी संपल्यावर उभी राहिलेली पऱ्हाटीही याने कापतात. ताकद येते ती ट्रॅक्टरच्या मागच्या पीटीओमधून, म्हणजे इंजिनाने फिरणाऱ्या दांड्याच्या बाहेर आलेल्या टोकातून. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. तिथून गिअर बॉक्सपर्यंत ही ताकद नेणारा दांडा म्हणजे पीटीओ शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा असतो, आणि त्या सांध्यातला अधिक चिन्हासारखा पोलादी तुकडा म्हणजे आपला क्रॉस.

सांधा लागतो कारण पीटीओ आणि गिअर बॉक्स एका रेषेत नसतात. एक वर, एक खाली. क्रॉसचे दोन हात पुढच्या बेचक्यात बसतात आणि उरलेले दोन मागच्या बेचक्यात. या बेचक्याला योक म्हणतात. त्यामुळे दांडा वाकडा असूनही फिरत राहतो. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे, की वाकड्या सांध्यातून फिरणं पलीकडे जातं, पण एकसारखं जात नाही. अलीकडचा दांडा अगदी एका लयीत फिरत असला, तरी पलीकडचा एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो.

विश्वास बसत नसेल तर भिंतीवरचं गोल घड्याळ उतरवा. ते डोळ्यांसमोर सरळ धरा. आकड्यांच्या मधले कोन सारखे, प्रत्येकी ३० अंशांचे. आता घड्याळाचा वरचा काठ ३० अंश मागे कलवा आणि जरा लांबून पाहा. वर्तुळ लंबवर्तुळ झालं. केंद्रापासून आकड्यांकडे रेषा ओढल्या आहेत असं समजा. २ आणि ३ यांच्या मधला कोन आता साडेसव्वीस अंशांच्या आसपास दिसतो, १ आणि २ मधला जवळपास ३०च राहतो, आणि १२ ते १ मधला साडेतेहतिसाच्या पुढे जातो. तीनांची बेरीज मात्र ९०च. घड्याळ तेच, काटा त्याच गतीने फिरतो आहे, पण तिरक्या पातळीतून पाहताना तो ३ जवळ मंद आणि १२ जवळ वेगवान दिसतो. क्रॉस नेमकं हेच करतो. त्याचे दोन हात एका पातळीत फिरतात, दोन दुसऱ्या तिरक्या पातळीत, आणि चौघांना एकमेकांशी काटकोन सोडायची परवानगी नाही. घड्याळात जे नुसतं दिसतं, ते इथे पोलादात घडतं.

आकड्यांत मांडू. सांध्याचा कोन ३० अंश असेल तर त्याची कोसाइन ०.८६६. पलीकडच्या दांड्याची गती ५४० गुणिले ०.८६६ पासून ५४० भागिले ०.८६६ पर्यंत हेलकावते, म्हणजे मिनिटाला ४६८ ते ६२४ फेऱ्यांच्या दरम्यान. सरासरी ५४०च. एका फेऱ्यात दोन हेलकावे, सेकंदाला ९ फेरे, म्हणून सेकंदाला १८ हेलकावे. कोन १० अंशांवर आणला तर तोच हेलकावा ५३२ ते ५४८ इतका आटोपशीर होतो. कोन तिपटीने कमी केला आणि हेलकावा जवळपास दहापटीने कमी झाला! शाफ्ट शक्य तितका सरळ ठेवा या सल्ल्यामागे इतकी मोठी कमाई आहे.

हा सांधा १६७०च्या दशकात रॉबर्ट हूक यांनी मांडला. शाळेत स्प्रिंगचा नियम शिकताना ज्यांचं नाव येतं तेच हे हूक. त्यांना तो आकाशाकडे रोखलेली उपकरणं फिरवायला हवा होता, आणि त्याची ही असमान चाल सूर्यघड्याळाच्या सावलीच्या चालीशी जुळते हे त्यांनी ओळखलं होतं. सपाट तबकडीच्या सूर्यघड्याळात सावली दर तासाला सारखी सरकत नाही. सूर्य तासाला १५ अंश चालतो, पण आमच्या वरूड-मोर्शीच्या अक्षांशावर, म्हणजे साधारण २१ अंशांवर, दुपारी बाराच्या सुमारास सावली तासाला पाच-साडेपाच अंशच सरकते. सकाळी सहाच्या सुमारास तीच तासाला ४२ अंशांच्या वेगाने पळते. सावलीचं आणि क्रॉसचं गणित एकच आहे: एका कोनाची टॅन्जन्ट दुसऱ्या कोनाच्या टॅन्जन्टला एका स्थिर संख्येने गुणल्यावर मिळते. सांध्यात ती संख्या वाकाची कोसाइन, सूर्यघड्याळात अक्षांशाची साइन. हे समीकरण कुणाला जड वाटलं तर सोडून द्या. संत्र्याच्या बागेतला शाफ्ट आणि अंगणातली सावली एकाच नियमाने चालतात, एवढं कळलं तरी मला पुरे आहे.

मग स्लॅशर चालतो कसा? कारण सांधे दोन असतात. पहिल्याने घातलेला हेलकावा दुसरा बरोबर उलटा करून काढून टाकतो. मधला दांडा थरथरतो, पण तो हलका असतो. गिअर बॉक्सला पुन्हा एकसारखी चाल मिळते. यासाठी दोन अटी आहेत. दोन्ही सांध्यांचे कोन सारखे हवेत, आणि मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत हवेत, एकाचं बेचकं उभं असेल तेव्हा दुसऱ्याचंही उभं.

काकांच्या शाफ्टवर दुसरी अट मोडली होती. शाफ्ट दोन भागांचा, एकात एक सरकणारा असतो, आणि त्यांचा चौकोनी होता. चौकोनी दांडा चौकोनी नळीत चार प्रकारे बसतो, त्यांतले दोन चूक. ग्रीस भरायला कुणीतरी शाफ्ट उघडला आणि परत घालताना पाव फेरा फिरवून घातला. अशा वेळी दुसरा सांधा हेलकावा काढत नाही, त्यात भर घालतो. दोन्ही सांधे ३० अंशांत असले तर गिअर बॉक्सकडची गती ४०५ ते ७२० अशी होते, सेकंदाला १८ वेळा. पण पाती आणि ती धरून फिरणारा रोटर जड असतात, त्यांना असं धावता-थांबता येत नाही. ते आपल्या गतीने जाऊ पाहतात, शाफ्ट त्यांना खेचतो आणि ढकलतो, आणि हा सगळा मार क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया झेलतात. त्यात ग्रीस कितीही भरा आणि क्रॉस कितीही अस्सल आणा.

पहिली अट सांभाळते ती टॉप लिंक. लोक टॉप लिंक फक्त कापणीची उंची जमवायला फिरवतात. तिच्या लांबीने स्लॅशर पुढे-मागे कलतो, आणि त्याच्याबरोबर गिअर बॉक्सचा दांडाही. पेटीची पुढची कड मागच्यापेक्षा सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर खाली असली की गवत एकदाच कापलं जातं आणि दोन्ही कोनही जवळपास सारखे राहतात. पण धुऱ्याजवळ वळताना हायड्रॉलिकने स्लॅशर वर घेतला की तो नुसता वर जात नाही, कलतोही. कोन वाढतात आणि विषमही होतात. तेव्हा येणारा खडखडाट म्हणजे हेलकाव्याचाच आवाज. वळण्याआधी पीटीओ बंद करायचा तो यासाठी. "दर वळणाला कोण बंद-चालू करत बसेल?" असं मला अनेकांनी विचारलं आहे. तीन क्रॉसची किंमत आणि ऐन हंगामातले वाया गेलेले दिवस मोजा, एवढंच मी त्यांना सांगतो.

जोडणीचा क्रम साधा आहे. आधी डावी लोअर लिंक, मग उजवी, कारण उजवीची उंची मूठ फिरवून जमवता येते. मग टॉप लिंक, आणि शाफ्ट सगळ्यात शेवटी. प्रत्येक पिनला लॉक पिन हवीच, तारेचा तुकडा नको. ट्रॅक्टर मागे घेताना मदतनीस ट्रॅक्टर आणि स्लॅशरच्या मध्ये उभा राहतो, ही मला सगळ्यात भीती वाटणारी सवय आहे. क्लचवरून पाय निसटायला क्षण लागतो. त्याने बाजूला उभं राहावं, आणि ट्रॅक्टर थांबून हँडब्रेक लागल्यावरच आत यावं. लोअर लिंकांना बाजूला हलू न देणाऱ्या साखळ्या, म्हणजे चेक चेन, ताणून घ्या, म्हणजे स्लॅशर डुलणार नाही. इंजिन चालू पण पीटीओ बंद ठेवून स्लॅशर सावकाश वर-खाली करून पाहा. शाफ्ट सगळ्यात आखूड होतो तिथे आतला दांडा नळीच्या तळाला टेकता कामा नये, आणि सगळ्यात लांब होतो तिथे निदान एक तृतीयांश भाग एकमेकांत राहिला पाहिजे.

आता पात्यांकडे. समजा कापणीची रुंदी दीड मीटर आहे आणि गिअर बॉक्स गती दीडपट करतो. पाती मिनिटाला ८१० फेरे घेतील आणि टोकाचा वेग ताशी सुमारे २३० किलोमीटर असेल. त्या टोकाला लागलेला खडा शंभर मीटरवरच्या माणसालाही लागू शकतो, म्हणून पेटीच्या साखळ्या आणि रबरी पडदे काढू नयेत आणि वावरात मुलं नसावीत. प्रत्येक पातं २ किलोचं आणि त्याचा वजनमध्य ६० सेंटीमीटरवर धरला, तर ते आपल्या बोल्टला जवळपास ८८० किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतं. समोरचं पातंही तेवढंच ओढतं, म्हणून हिशेब जुळतो. पण ग्राइंडरवर एकाच पात्याला जास्त धार काढली आणि त्याचं १०० ग्रॅम वजन घटलं, तर ४४ किलोचा एकतर्फी हिसका सेकंदाला साडेतेरा वेळा गिअर बॉक्सच्या बेअरिंगला बसतो. धार काढताना दोन्ही पाती तोलून पाहा, बदलताना जोडीने बदला. धार वस्तऱ्यासारखी नको, दीड मिलिमीटर जाडीची कड राहू द्या. पातळ कड पहिल्याच दगडावर मोडते.

फिरत्या पात्यांत साठलेली ऊर्जाही ध्यानात असू द्या. वरच्या हिशेबात नुसत्या दोन पात्यांत ५ हजार ज्यूलच्या वर ऊर्जा असते, म्हणजे ५० किलोचं पोतं दहा मीटर उंचावरून पडावं इतकी. सिंगल क्लचच्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबला तरी ही ऊर्जा पीटीओतून उलटी चाकांकडे येते आणि ट्रॅक्टर थांबायच्या ऐवजी पुढे सरकतो. धुऱ्यावर विहीर असेल तर याचा अर्थ काय, ते सांगायला नको. अशा ट्रॅक्टरला एकाच दिशेने ताकद जाऊ देणारा ओव्हररनिंग क्लच लावून घ्यावा. पीटीओ बंद केल्यावरही पाती पूर्ण थांबेपर्यंत खाली उतरू नये.

शिअर बोल्ट, म्हणजे जोर वाढला की आधी तुटावा म्हणून मुद्दाम ठेवलेला बोल्ट, तुटला की काहीजण त्याच्या जागी जास्त कडक बोल्ट घालतात. घरात फ्यूज उडतो म्हणून जाड तार घालण्यातलाच हा प्रकार. पुढच्या वेळी दगड लागला की गिअरचे दात जातात. ज्यांना बोल्टऐवजी जोर वाढला की घसरणारा स्लिप क्लच आहे त्यांच्या क्लचच्या चकत्या पावसाळ्यात गंजून एकमेकींना चिकटतात. हंगामाच्या आधी त्यांच्या स्प्रिंगा सैल करून, दोन-तीन सेकंद घसरू देऊन, पुन्हा पुस्तकात दिलेल्या मापाला आवळाव्यात.

स्लॅशरखाली हात घालण्याआधी इंजिन बंद, चावी खिशात, आणि पेटीखाली लाकडी ठोकळे. नुसत्या हायड्रॉलिकवर विसंबू नये, तेल झिरपलं तर पेटी खाली येते. बागेत सगळ्यात जास्त गुंतते ती ठिबकची लॅटरल नळी. रोटरच्या दांड्याला गुंडाळून ती ऑइल सील कापते, आणि मग गिअर बॉक्सचं तेल कधी गळून गेलं ते कळतही नाही. ओलं गवत पेटीच्या आतून चिकटून राहिलं तर पत्रा खातं. ते रोज खरवडावं. क्रॉसला आठ तासांनी ग्रीस द्यावं.

आणि शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं आवरण. ग्रीस देताना ते काढतात आणि गोठ्यात टाकून देतात. उघड्या शाफ्टची जाडी ८ सेंटीमीटर धरली तरी तो सेकंदाला सव्वादोन मीटर कापड गुंडाळतो. गळ्यातला दुपट्टा, साडीचा पदर, धोतराचा सोगा अडकल्याचं मेंदूला कळेपर्यंत शाफ्टचे दोन फेरे होऊन गेलेले असतात. आवरण तुटलं असेल तर नवं आणा, आणि त्याची साखळी ट्रॅक्टरला अडकवा, म्हणजे ते शाफ्टबरोबर फिरणार नाही.

त्या दिवशी काकांचा शाफ्ट आम्ही उघडला, पाव फेरा फिरवून परत घातला. दोन्ही बेचकी एका पातळीत आली. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सोनं वाटून झाल्यावर त्यांनी बागेत दोन तास स्लॅशर चालवून पाहिला. संध्याकाळी ऑइलपेंटचा डबा घेऊन आले आणि शाफ्टच्या दोन्ही भागांवर, सांधल्यावर एका रेषेत येईल असा, पांढरा पट्टा ओढून घेतला.