रॉयल क्रेसंट, बाथ

इंग्लंडमधील बाथ शहरात चंद्रकोरीसारख्या वळणावर उभी असलेली ३० सलग घरांची ओळ. आराखडा वास्तुकार धाकट्या जॉन वुडचा (वडिलांचे नावही जॉन वुडच). बांधकाम १७६७ ते १७७५. भिंतीला भिंत लागून असलेल्या अशा ओळीला इंग्रजीत ‘टेरेस’ म्हणतात; आपल्या गच्चीशी त्याचा संबंध नाही. ही चाळही नव्हे. चाळीत एकेका मजल्यावर अनेक बिऱ्हाडे असतात, इथे तळघरापासून माळ्यापर्यंतचा उभा काप एकाच कुटुंबाचा: स्वयंपाक तळघरात, बैठकीची दालने पहिल्या मजल्यावर, नोकर माळ्यावर.

दर्शनी भागाचा तळमजला मुद्दाम साधा ठेवला आहे. त्याच्यावर दोन मजल्यांची उंची व्यापणारे ‘आयोनिक’ या ग्रीक शैलीचे ११४ खांब ओळीने उभे आहेत. प्रत्येकाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना सुरळीसारख्या वळ्या. एक घर कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते, हे खांब मोजून सांगता येत नाही. ओळीच्या मध्यावर जोडखांबांमधली कमानदार खिडकी तेवढी वेगळी दिसते. सगळे मिळून एकच राजवाडा वाटावा, हाच डाव होता. दगड जवळच्या खाणींतला, मधाच्या रंगाचा चुनखडक. खाणीतून काढताना तो मऊ असतो, त्यामुळे कोरीवकाम सोपे जाते.

खरी गंमत मागच्या बाजूला आहे. वुडने समोरची भिंत तेवढी ठरवून दिली. गिऱ्हाइकाने तिचा हवा तेवढा तुकडा घ्यायचा आणि मागचे घर आपला वास्तुकार नेमून आपल्या सोयीने बांधायचे. म्हणून मागे छपरांच्या उंचीचा मेळ नाही, खिडक्या एका रेषेत नाहीत, कुठे भिंत पुढे आली आहे तर कुठे आत गेली आहे. शिस्त फक्त रस्त्याला दाखवण्यापुरती. पण पैसेवाल्या तीस घरांना एका तोंडवळ्यात आणायला याहून व्यवहारी तोड सापडली नसती.

समोर उतरते हिरवळीचे मैदान. त्यात ‘हा-हा’ नावाचा चर आहे. त्याच्या एका बाजूला बांधीव भिंत असते, पण घरातून पाहिले तर ती दिसत नाही. हिरवळ अखंड वाटते आणि खाली चरणारी गुरे वर येत नसत.

आज १ क्रमांकाच्या घरात संग्रहालय आहे, मधल्या घरांत हॉटेल, आणि बऱ्याच घरांचे फ्लॅट झाले आहेत. एकसारखेपणाचा आग्रह मात्र टिकून आहे. १९७० च्या दशकात २२ क्रमांकाच्या मालकिणीने दार पिवळे रंगवले, तेव्हा नगरपालिकेने पांढऱ्या रंगाचा हुकूम काढला. प्रकरण वर गेले आणि दार पिवळेच राहिले.