अकादमिक निबंध

एखाद्या विषयावर निश्चित भूमिका घेऊन ती पुरावा व युक्तिवादाच्या आधारे सिद्ध करू पाहणारे औपचारिक गद्यलेखन. फ्रेंच लेखक माँतेन्य याने १५८० मध्ये आपल्या स्फुट लेखांना ‘एसे’, म्हणजे ‘प्रयत्न’, असे नाव दिले. संस्कृत ‘निबंध’ या शब्दात मात्र बांधण्याचा अर्थ आहे. अकादमिक निबंध माँतेन्यच्या स्वैर लेखनापेक्षा या बांधणीलाच अधिक जवळचा.

या लेखनाचा कणा म्हणजे प्रतिपाद्य विधान. विषय आणि विधान यांत गल्लत करणे, ही नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक. ‘मुद्रणकलेचा इतिहास’ हा नुसता विषय झाला. ‘शुद्धलेखनाला स्थैर्य दिले ते छापखान्यापेक्षा शाळेने’ हे विधान, कारण ते कोणीतरी खोडून काढू शकतो. ज्याला विरोधच संभवत नाही, ते सिद्ध करण्यात अर्थ नसतो. म्हणूनच प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट आक्षेप निबंधात मांडून त्याला उत्तर द्यावे लागते. लेचापेचा आक्षेप निवडणारा लेखक जाणत्या वाचकापुढे लगेच उघडा पडतो.

विधान सहसा प्रस्तावनेच्या अखेरीस येते. प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा, त्याचा पुरावा आणि त्या पुराव्याचा अन्वयार्थ असावा. अवतरण देऊन लेखक गप्प बसला, तर अर्थ लावण्याचे काम वाचकावर पडते.

भाषा संयत व नेमकी हवी; बोजड नव्हे. ‘निर्विवादपणे’सारखे शब्द पुराव्याची जागा घेऊ शकत नाहीत. प्रथमपुरुष टाळण्याचा दंडक अनेक ठिकाणी शिकवला जातो, पण तो सार्वत्रिक नाही. डीएनएच्या रचनेवरील वॉटसन व क्रिक यांच्या १९५३ मधील प्रसिद्ध शोधलेखाची सुरुवातच ‘आम्ही’ने होते.

दुसऱ्याचे शब्द, आकडे किंवा कल्पना वापरल्यास मूळ स्रोत नोंदवणे बंधनकारक असते. शब्द बदलून घेतलेली कल्पनाही त्याला अपवाद नाही. नोंद न केल्यास ते वाङ्मयचौर्य ठरते. नोंदीच्या पद्धती ज्ञानशाखेनुसार बदलतात: मानसशास्त्रात एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची पद्धत; मूळ नियम १९२९), भाषा-साहित्यात एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची पद्धत), तर इतिहासात शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची तळटिपांची शिकागो पद्धत (नियमपुस्तिकेची पहिली आवृत्ती १९०६) रूढ आहे. एपीएमध्ये प्रकाशनवर्ष मजकुरातच येते, कारण तेथे संशोधन किती ताजे याला महत्त्व असते. एमएलएमध्ये त्याऐवजी पृष्ठक्रमांक देतात, म्हणजे मूळ ओळ पडताळून पाहता येते.