जुन्या टर्बो गाडीचा इंधन पाईप : टेप मारण्याआधी हे वाचा

बोनेटमधून पेट्रोलचा वास येतो, किंवा सकाळी डिझेल गाडी चार-पाच सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नाही, अशा तक्रारीच्या गाड्या पावसाळा संपत आला की आमच्या बेळगावच्या गॅरेजमध्ये वाढतात. बहुतेक दहा-पंधरा वर्षं चाललेल्या. बोलेरो डीआय, इनोव्हा, स्विफ्ट डिझेल, कधी एखादी ऑक्टाव्हिया पेट्रोल टर्बो. मालक म्हणतात, "पाईप जरा गळायलाय, टेप मारून द्या की." आम्ही टेप मारून देत नाही. का देत नाही आणि त्याऐवजी काय करतो, हे प्रत्येकाला काउंटरवर नीट सांगायला वेळ मिळत नाही, म्हणून हे पत्रक.

पाईप खराब कुठे होतो

टाकीपासून इंजिनापर्यंत गाडीच्या पोटाखालून लोखंडी किंवा नायलॉनची लाईन जाते आणि दोन्ही टोकांना रबरी नळ्या असतात. लोखंडी लाईन मधोमध कधी सडत नाही, ती क्लिपखाली सडते. जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यावरचा लाल चिखल त्या क्लिपमध्ये बसतो आणि दिवाळीपर्यंत ओला राहतो. वरून पाईप ठणठणीत दिसतो, क्लिप काढली की नखाने टोकरता येतो. खानापूरच्या बाजूला पिंजराच्या (भाताच्या पेंढ्याच्या) गंजीशेजारी गाडी लावणाऱ्यांकडे दुसरंच कारण सापडतं : उंदीर. रबर आणि नायलॉन दोन्ही ते कुरतडतात.

तिसरं कारण पेट्रोलमध्येच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळुरूत २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची सुरुवात झाली, आणि आता पंपावर तेच मिळतं. आपल्या चिक्कोडी, रायबाग, अथणीच्या उसाला त्यातून आधार मिळतो, त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. पण २००५-०६ च्या गाडीची रबरी नळी या पेट्रोलसाठी बनलेली नव्हती. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, मग ते चिरतं. शिवाय ते पाणी ओढतं, त्यामुळे लोखंडी लाईन आतूनही गंजू शकते.

टर्बोमुळे काय बदलतं

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा. घाट चढताना त्याचा सायलेन्सरकडचा भाग कित्येक शे अंशांपर्यंत तापतो. तवंदी घाट चढून वर चहाला थांबलात, इंजिन बंद केलंत, की वारा थांबतो आणि ती सगळी उष्णता बोनेटखाली कोंडते. जवळची नळी दर खेपेला थोडी भाजून निघते आणि काही वर्षांनी बोटाने वाकवली तरी तडकते. त्या तापलेल्या भागावर इंधन पडलं तर ठिणगीची गरज नसते. डिझेल सुरक्षित, असं आपल्याकडे सगळे मानतात. पण नुसत्या उष्णतेने पेट घ्यायचं डिझेलचं तापमान पेट्रोलपेक्षा कमी आहे, २५० अंशांच्याही आत. तापलेला टर्बो त्याच्या कितीतरी पुढे असतो.

दुसरी गोष्ट दाबाची. त्या काळच्या बऱ्याच पेट्रोल टर्बो गाड्यांत रेग्युलेटर टर्बोच्या दाबाप्रमाणे पेट्रोलचाही दाब वाढवतो. मूळ दाब ३ बार आणि टर्बोचा ०.८, म्हणजे लाईनमध्ये ३.८ बार. दुकानात मिळणारी साधी, आर७ छापाची नळी कार्ब्युरेटरच्या, म्हणजे कमी दाबाच्या गाडीसाठी असते. तिची मर्यादा ५० पीएसआय, म्हणजे साडेतीन बारच्या आत. अशी नळी गॅरेजमध्ये उभ्या गाडीला गळत नाही, हीच अडचण आहे. ती घाटात, पूर्ण पिकअप मागितल्यावर गळते. आणि तेव्हाच इंजिनाला पेट्रोल कमी पडलं तर हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होऊन इंजिन ठोके मारतं (नॉकिंग), पिस्टनपर्यंत नुकसान जातं. आम्ही इंजेक्शनच्या गाडीसाठी बनलेली, साधारण ७ बारची आर९ नळी वापरतो. तिच्यावर तसा छाप असतो. बसवण्याआधी तो आम्ही तुम्हाला दाखवतो, आम्ही विसरलो तर मागून घ्या.

"उद्यमबागेत क्रिम्प करून आणतो"

हा प्रश्न बेळगावातच येतो, कारण हायड्रॉलिकचं (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचं) काम इथल्यासारखं फार थोड्या गावांत होतं. उद्यमबागेच्या कारखान्यांच्या वसाहतीत अर्ध्या तासात हव्या त्या लांबीची नळी क्रिम्प करून, म्हणजे टोकांना धातूचे जोड दाबून बसवून मिळते. ग्राहक म्हणतात, "ती ४०० बारला फुटत नाही, तुमची ७ बारची कशाला?" हिशेब वरवर बरोबर वाटतो. पण हायड्रॉलिक नळीच्या आतलं रबर बहुतेक वेळा तेलासाठी असतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल त्यातून हळूहळू पाझरतं, वास येत राहतो, आणि आतला थर सुटून इंजेक्टरमध्ये (इंजिनात इंधन फवारणाऱ्या तोटीत) अडकू शकतो. शिवाय तारेच्या जाळीची नळी कडक. इंजिन हलतं, नळी हलत नाही, मग ताण जोडावर येतो.

कॉमन रेल डिझेलच्या बाबतीत तर गोष्ट उलट आहे. त्यात पंप एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, प्रचंड दाबाने डिझेल भरतो आणि तिथून ते सगळ्या इंजेक्टरना जातं. पंपापासून रेलपर्यंत आणि रेलपासून इंजेक्टरपर्यंत १३०० ते १६०० बार दाब असतो. तिथे ४०० बारची नळी चालणार नाहीच, वेल्डिंगही चालणार नाही. तो लोखंडी पाईप नवा, कंपनीचाच लागतो. अनेक कंपन्या तर तो एकदा सोडला की परत न बसवता बदलायलाच सांगतात, कारण घट्ट करताना त्याचं टोक दबून बसलेलं असतं. कोल्हापूर किंवा हुबळीहून तो यायला दोन-तीन दिवस लागतात. तेवढे दिवस गाडी उभी राहते याचं आम्हालाही वाईट वाटतं, विशेषतः गाडीवरच पोट असणाऱ्यांसाठी. पण या एका पाईपात आम्ही कुणासाठीही तडजोड करत नाही.

टाकीला बारीक भोक पडलं तर साबण दाबून घरी पोचण्याची जुनी युक्ती खरी आहे, टाकीत दाब नसतो म्हणून ती जमते. दाबाच्या लाईनवर साबण, टेप, लांबी (पुट्टी) यांतलं काहीच टिकत नाही.

काम कसं होतं

गाडी पूर्ण गार होईपर्यंत आम्ही हात लावत नाही. सकाळी गाडी सोडलीत आणि दुपारपर्यंत ती तशीच उभी दिसली तर आम्ही विसरलेलो नसतो. पेट्रोल गाडीत आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, म्हणजे लाईनचा दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडतो. त्या वेळात शेजारच्या रॅम्पवर ग्राइंडर बंद असतो आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी.

जुनी नळी ओढून काढत नाही, ब्लेडने चिरून काढतो, नाहीतर खालचं नायलॉनचं तोंड मोडतं. भोकाचा तुकडा कापून मध्ये जोड देण्यापेक्षा एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंतची पूर्ण लांबी बदलतो. जिथे एक तडा दिसतो तिथे पुढच्या वितीत दुसरा तयार असतो. लोखंडी लाईनच्या जागी साधी तांब्याची नळी घालत नाही, ती हादऱ्याने कडक होऊन तडकते. क्लिप गोल कडेच्या, कारण दातेरी क्लिप नळीत रुतते. बॅन्जो बोल्टचे (ज्याच्या पोकळीतून इंधन जातं त्या बोल्टचे) तांब्याचे वॉशर नवेच. टर्बोजवळून जाणाऱ्या भागावर उष्णतारोधक आवरण.

जुन्या डिझेल गाडीत पाईपला तडा असला तरी खाली थेंब दिसेलच असं नाही. पंप डिझेल ओढत असतो, त्यामुळे डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. गाडीने 'एअर घेतली' म्हणतात ते हेच. दर आठवड्याला एअर काढून देणारा मिस्त्री स्वस्त वाटतो, पण पंपाला वंगण डिझेलचंच असतं, आणि हवेवर चाललेला पंप आतून घासतो. आम्ही लाईनमध्ये तात्पुरती पारदर्शक नळी लावून बुडबुडे कुठून येतात ते शोधतो.

नंतर पेट्रोल गाडीची चावी तीन-चार वेळा नुसती ऑन करून दाब भरतो आणि टॉर्चने जोड पाहतो. मग इंजिन सुरू करून, मग गरम झाल्यावर, आणि शेवटी वंटमुरी घाटापर्यंत फेरी मारून परत. त्या फेरीचं इंधन बिलात धरलेलं असतं.

वाटेत वास आला तर

गाडी बाजूला घ्या, चावी बंद करा, सगळ्यांना उतरवा आणि आम्हाला फोन करा. "हळूहळू आणतो" म्हणू नका, आम्ही चोर्ल्यापर्यंतही येतो. पुन्हा सेल्फ मारून बघू नका. आणि चालू डिझेल इंजिनात गळती कुठे आहे ते हाताने चाचपू नका. हजार बारची धार कातडीतून आत शिरते, वर सुई टोचल्याएवढीच खूण राहते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. तसं झालं तर मलम लावून बसू नका, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेल आत गेलंय असं स्पष्ट सांगा. उशिराने बोट, कधी हातही जातो.

काम झाल्यावर काढलेला पाईप डिकीत ठेवलेला असतो, उभा चिरून. आतल्या भेगा तुम्हीच बघा. आठ-दहा दिवसांनी गाडी एकदा आणा, क्लिप तपासून देतो, त्याचे पैसे घेत नाही.