पायातील रक्तवाहिनी-विकृती : सुईद्वारे उपचार

रक्तवाहिनी-विकृती म्हणजे गर्भावस्थेत रक्तवाहिन्यांची घडण बिघडून जन्मतः राहिलेला दोष. हा अर्बुद (पेशींच्या वाढीची गाठ) नव्हे. तो मुलाबरोबर वाढतो, आपोआप विरत नाही. हा भेद मलिकन व ग्लोवाकी या संशोधकांच्या वर्गीकरणामुळे (१९८२) रूढ झाला.

पायाच्या विकृतींच्या नावांत मात्र अजून गोंधळ आहे. लाल डाग, फुगलेल्या नीला व वाढलेला पाय हे त्रिक क्लिपेल व ट्रेनोने यांनी १९०० मध्ये वर्णिले. पार्क्स वेबर यांनी १९०७ च्या सुमारास तशाच रुग्णांची नोंद केली आणि पुढे काहींत रोहिणी-नीला थेट जोडलेल्या असल्याचे दाखवले. जुन्या ग्रंथांत तिघांची नावे एकत्र जोडलेली आढळतात. ती वेगळी ठेवणे अधिक सयुक्तिक दिसते, कारण क्लिपेल-ट्रेनोने विकृतीत रक्तप्रवाह मंद, पार्क्स वेबर विकृतीत वेगवान असतो आणि उपचार त्यावरच ठरतो.

मंद प्रवाहाच्या विकृतीत सोनोग्राफीवर पाहत सुईने सोडियम टेट्राडेसिल सल्फेट किंवा पोलिडोकॅनॉल सोडतात. औषधाने आतले अस्तर जळून भिंती चिकटतात. दोन सिरिंजांमध्ये हवेबरोबर घुसळून केलेला फेस (टेसारी पद्धत) कमी औषधात जास्त पृष्ठभाग व्यापतो. शुद्ध अल्कोहोल अधिक प्रभावी, पण त्वचा व मज्जातंतूंना घातक. ब्लिओमायसिन या औषधाने सूज कमी येते, मात्र फुप्फुसांकडे लक्ष ठेवावे लागते. वेगवान प्रवाहात कॅथेटरने (रक्तवाहिनीत सरकवलेल्या बारीक नळीने) थेट केंद्रजाल, म्हणजे रोहिणी-नीला जोडणारे जाळे, बुजवावे लागते. केवळ पुरवठ्याची रोहिणी बंद केल्यास नव्या वाटा फुटतात आणि पुढच्या उपचाराचा मार्गही बंद होतो. त्वचेलगतची नीला बुजवण्यापूर्वी खोल नीला शाबूत आहेत का, हे डॉप्लरने (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने) पाहणे अनिवार्य.

पूर्व विदर्भ व वर्धा हा हत्तीरोगाचा पट्टा असल्याने सुजलेला पाय प्रथम हत्तीपाय ठरण्याचा संभव असतो. जन्मापासूनचा डाग, एकाच पायाची वाढलेली लांबी आणि पाय वर धरल्यावर ओसरणाऱ्या निळसर गाठी यांवरून विकृती ओळखता येते. घोट्याजवळची जुनी जखम असेल, तर या भागात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणीही आवश्यक, कारण त्यातही अशी जखम होते. सुईचे उपचार सोनोग्राफी असलेल्या रुग्णालयात शक्य आहेत. कॅथेटरसाठी गडचिरोली-गोंदियाकडील रुग्णांना सहसा नागपूर गाठावे लागते.

उपचारानंतर दाबमोजे वापरतात. वैशाखात, विशेषतः शेतकाम करणाऱ्यांकडून, त्यांचा वापर टिकत नाही. माप सकाळी, सूज कमी असताना घेतात.