मीटरला न दिसणारा ढोल

महात्मा गांधी रोडवर ‘होम थिएटरचा आवाज कमी-जास्त होतोय’ अशी तक्रार घेऊन गेलेलं गिऱ्हाईक बरेचदा सोन्याचा मुलामा दिलेली एचडीएमआय केबल घेऊन परततं. केबलमधून आकडे जातात. त्यांना सोनं लावून आवाज चढत नाही की उतरत नाही.

स्टिरिओ गाणं दणक्यात वाजतं आणि पुढचं ॲटमॉस (डॉल्बी कंपनीचा, चहूबाजूंनी ऐकू येणारा ध्वनिप्रकार) गाणं मलूल, याचं मूळ बहुधा मिक्सिंगमध्येच असतं. ॲटमॉस संगीताला डॉल्बीची कमाल मर्यादा −१८ एलयूएफएस (जाणवणाऱ्या आवाजाचं माप; शून्याच्या जितकं जवळ, तितका आवाज मोठा); स्टिरिओ गाणी मात्र कित्येकदा −८ ते −१० पर्यंत ठासून भरलेली. १० डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट वाटतो.

हे एलयूएफएस मोजतात कसे, ते मोठं रंजक आहे. बीएस १७७० या मानकानुसार आधी आवाज गाळतात: वरच्या पट्ट्या सुमारे ४ डेसिबलने उचलतात, खोल खर्ज कापतात. मग चॅनेलवार, म्हणजे प्रत्येक स्पीकरच्या वाट्याच्या आवाजाची, ऊर्जा ४०० मिलिसेकंदांच्या, एकमेकांवर ७५ टक्के चढलेल्या तुकड्यांत मोजायची. बाजूच्या-मागच्या, म्हणजे सराउंड चॅनेलना १.४१ पट भार. −७० च्या खालचे तुकडे बाद. उरलेल्यांच्या सरासरीहून १० युनिटांनी शांत, तेही बाद. आणि ५.१ मधला तो ‘.१’, म्हणजे खास खर्जाचा एलएफई चॅनेल, बेरजेत धरतच नाहीत! वाजवताना मात्र त्याला १० डेसिबल जादा मिळतात.

समजा, नाशिक ढोलाची दोन रेकॉर्डिंग आहेत, दोन्ही −१८. एकात ठोक्याची धमक पुढच्या स्पीकरांत, दुसऱ्यात एलएफईत. मीटरच्या लेखी दोन्ही सारखीच. घरात दुसऱ्याने तावदानं थरथरतात. तेच मोबाइलवर स्टिरिओत उतरवताना एलएफई सहसा गाळला जातो आणि ढोलाचा पत्र्याचा डबा होतो.

उपाय करताना क्रम पाळावा. आधी ॲपमधलं आवाज समान राखण्याचं सेटिंग चालू करा. ॲपल म्युझिकमध्ये ते ‘साउंड चेक’. रिसीव्हरचे (स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या डब्याचे) नाइट मोड, डायनॅमिक व्हॉल्यूम हे आवाज आपोआप सावरणारे पर्याय बंद ठेवा, नाहीतर ॲप आणि रिसीव्हर मिळून आवाज खालीवर ओढत बसतात. मग रिसीव्हरचा टेस्ट टोन लावून, बसायच्या जागी आवाज मोजायचं मीटर ‘सी’ आणि ‘स्लो’ या सेटिंगवर ठेवून प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलला आणा. खर्जाचा स्पीकर, म्हणजे सबवूफरही तिथेच; एका गाण्यासाठी त्याचा गेन (आवाज वाढवायचं बटण) पिळला की पुढचं बिघडलंच. रिसीव्हरमधलं ‘सोर्स लेव्हल’ इथे कुचकामी, कारण ते इनपुटनुसार बदलतं आणि स्टिरिओ, ॲटमॉस दोन्ही येतात एकाच इनपुटमधून.