कुजणारा कचरा आणि कंपनीचा कार्बन हिशोब

"आमचा कचरा म्हणजे बहुतेक कागद आणि कँटीनमधलं उरलंसुरलं, ते काय कुजून जातं, त्याचा कसला आलाय कार्बन" असं बरेच जण अगदी मनापासून म्हणतात आणि खरी गोष्ट नेमकी उलटी आहे.

मुळात कंपनीच्या कचऱ्यातून किती ग्रीनहाऊस गॅस निघाला हे मोजायला कुठे मीटर बसवलेलं नसतं. कचरा गेटबाहेर गेला की तो दुसऱ्याच्या जागेवर कुजतो किंवा जळतो, म्हणून ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल या जगभर वापरल्या जाणाऱ्या नियमावलीत तो स्कोप ३ मध्ये (कंपनीच्या कामामुळे, पण दुसऱ्याच्या ठिकाणी होणारं उत्सर्जन), ५ नंबरच्या कॅटेगरीत धरतात. आकडा निघतो तो हिशोबाने. किती टन, कुठल्या प्रकारचा आणि पुढे त्याचं काय केलं, एवढंच लागतं.

आता खरी गंमत डम्पिंग ग्राउंडच्या पोटात आहे. वरून कचऱ्याचे थर पडत जातात, आतला ऑक्सिजन थोड्याच दिवसांत संपतो आणि मग तिथे ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचं राज्य सुरू होतं. काही बॅक्टेरिया स्टार्च आणि सेल्युलोज तोडून आम्लं, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात, आणि त्यावर आर्किया नावाचे वेगळेच जीव (हे बॅक्टेरिया नव्हेत) जगतात आणि मिथेन सोडतात. हेच अन्न मोकळ्या हवेत कुजलं असतं तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघाला असता, जो झाडाने हवेतूनच घेतलेला असल्यामुळे हिशोबात वेगळा ठेवतात. मिथेनला मात्र ती सूट नाही, कारण १०० वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता धरून ठेवतो.

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २००६ च्या गाइडलाइन्समधले आकडे घेऊन करूनच बघू. एक टन ओल्या अन्नात कुजू शकेल असा कार्बन सुमारे १५ टक्के, म्हणजे १५० किलो. त्यातला निम्माच प्रत्यक्षात कुजतो असं धरतात, उरले ७५. निघणाऱ्या गॅसमध्ये निम्मा मिथेन, म्हणजे ३७.५ किलो कार्बन मिथेनच्या वाट्याला. कार्बनचा अणुभार १२ आणि मिथेनचा रेणुभार १६, म्हणून १६/१२ ने गुणलं की ५० किलो मिथेन, आणि २८ ने गुणलं की १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम! कागदात तोच कार्बन ४० टक्के, त्यामुळे उत्तर येतं ३.७ टनांच्या आसपास. हे कचरा नीट दाबून-झाकून भरलेल्या डम्पिंगसाठी आणि गॅस गोळा होत नसेल तर. उघड्यावरच्या उथळ ढिगात हवा खेळते म्हणून हे उत्तर ०.४ ने गुणतात, आणि वर मातीचा थर असेल तर तिथले मिथेन खाणारे बॅक्टेरिया अजून १० टक्के कमी करतात. उष्ण दमट हवेत अन्न अर्धं संपायला दोनेक वर्षं, कागदाला दहाएक, पण कंपनीच्या रिपोर्टमध्ये पुढे निघणारा सगळा गॅस कचरा टाकला त्याच वर्षात धरतात.

म्हणूनच कागदी किंवा स्टार्चच्या कपावर 'बायोडिग्रेडेबल' छापून पर्यावरण वाचवल्याच्या जाहिराती बघितल्या की मला राग येतो. तो कप डम्पिंगमध्ये गेला तर कुजणं हाच तर प्रॉब्लेम आहे. प्लास्टिक तिथे जवळपास काहीच गॅस सोडत नाही (बाकीचे त्रास आहेतच), पण जाळलं तर एक टन पॉलिथिनमधून ३ टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तो खनिज तेलातला असल्यामुळे पूर्ण मोजला जातो.

काही कंपन्या कचरा उचलणाऱ्याच्या बिलावरून अंदाज काढतात. पण बिलाला कागद काय, माती काय, सारखंच. पुढच्या वर्षी कँटीनचा कचरा बायोगॅसला पाठवला आणि त्यासाठी बिल वाढलं, तर कागदोपत्री उत्सर्जन वाढलेलं दिसेल. त्यापेक्षा ओला, कागद, प्लास्टिक, राडारोडा यांच्या वजनकाट्याच्या पावत्या वेगवेगळ्या ठेवा आणि गाडी नक्की कुठे रिकामी होते हे ठेकेदाराकडून लेखी घ्या.